गुर्रम सरांची तिप्पट कड

आमचे गुर्रम सर खुर्चीत बसण्याआधी खुर्चीच्या पाया पडतात. निदान लांबून बघणाऱ्याला तसंच वाटतं. मंगल कार्यालय असो, दवाखाना असो, नाहीतर एसटी स्टँड. खुर्ची दिसली की हा सत्तरीतला उंच माणूस पँट गुडघ्यापाशी वर ओढतो, खाली वाकतो, मान वाकडी करून खुर्चीच्या बुडाखाली बघतो, बोटानं काहीतरी चाचपतो आणि मग एकतर "हं" म्हणून बसतो, नाहीतर "अय्यय्यो" म्हणून उभाच राहतो.

एकदा अक्कलकोटला जायला मी, आमचे हे आणि सर असे तिघं स्टँडवर थांबलो होतो. तिथं त्या फायबरच्या रंगीत खुर्च्या असतात बघा, लोखंडी पायपावर ओळीनं बोल्ट मारून बसवलेल्या. सर वाकले. शेजारी एक म्हातारी गाठोडं घेऊन उभी होती. तिनं बघितलं, एवढा शिकलेला चष्मेवाला माणूस गुडघे टेकतोय म्हणजे इथं काहीतरी असणारच. तिनं गाठोडं खाली ठेवलं, पदर डोक्यावर घेतला आणि खुर्चीला नमस्कार केला. तिच्या मागं आणखी दोघी वाकल्या. एकीनं तर वेणीतलं झेंडूचं फूल काढून खुर्चीत ठेवलं. सर खालून वर आले आणि मला म्हणाले, "वहिनी, हिच्यावर बसू नका. कड सोडलेली न्हाई."

म्हातारी लगेच म्हणाली, "व्हय बाबा, आमी कशाला बसतोय तितं!"

गाडी येईपर्यंत त्या खुर्चीवर कुणी बसलं नाही. आमच्या ह्यांनी हसू दाबायला तोंडात रुमाल धरला होता. सरांना मात्र यात हसण्यासारखं काय झालं ते अजून कळलेलं नाही. त्यांच्या मते तीन बायका वाचल्या.

मी शारदा बिराजदार. माहेर मैंदर्गीचं, सासर सोलापूर. अक्कलकोट रोडला आमची सोसायटी आहे. खालच्या मजल्यावर मी, आणि बरोबर माझ्या डोक्यावर गुर्रम सर. माझा कडक भाकरीचा धंदा आहे. घरातच चार बायका कामाला येतात, भाकऱ्या थापतो, वाळवतो, शेंगाची चटणी करतो, पाकिटं बांधून दुकानांना देतो. हे सांगायचं कारण एवढंच की गुर्रम सरांच्या शास्त्राला जेवढी माझी भाकरी लागली तेवढी गिऱ्हाइकांनासुद्धा लागली नसेल.

सर इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल शिकवायचे. डॉक्टरेट आहे त्यांची. विषय काय, तर फायबरला भोक पाडून त्यात बोल्ट मारला की पुढं त्या भोकाचं काय होतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं चेष्टा करालेत. "सर, एवढ्याशा भोकावर डॉक्टर?" म्हटलं. तर चिडायचं सोडून माणूस खुर्ची ओढून बसला (आधी बघून) आणि माझ्या पाटावरची एक भाकरी उचलली.

"हे बघा वहिनी. मऊ भाकरी म्हणजे लोखंड. भोक पाडा, ओढा, थोडी ताणती, सांभाळून घेती. आणि ही तुमची कडक भाकरी म्हणजे फायबर." आगकाडी घेतली, भाकरीच्या काठाजवळ हळूच फिरवत भोक पाडलं, काडी त्यात घालून बाहेर ओढली. काठाचा तुकडा काडीबरोबर निसटून आला. "बघितलाव? कड सोडली न्हाई. भोकाच्या रुंदीच्या तिप्पट तरी कड सोडायला पायजे." मग दुसरी भाकरी. तिच्या चिंचोळ्या तुकड्याला मधोमध भोक, ओढली, तर आडवी फाटून दोन तुकडे. "हिला कडेला जागा होती, पण अंगानं बारीक. ही मधून जाती. टक्कन. आधी आवाज न्हाई, सूचना न्हाई." मग तिसरी भाकरी घेतली.

"सर, ती पाकिटातली आहे."

"शास्त्रासाठी वहिनी." तिसऱ्या भाकरीला चहूबाजूंनी ऐसपैस जागा सोडून भोक पाडलं. ओढलं तर भाकरी ना फाटली, ना निसटली. भोकाची एक बाजू नुसती कुरकुरत दबत गेली, भोक लांबट झालं, पिठूळ चुरा पडला. सरांचा चेहरा असा उजळला की पाकिटातली भाकरी गेल्याचं मी विसरले. "ह्याला म्हणायचं दबणं. जोड तुटायचाच असला तर असा तुटावा. आधी कुरकुरावा, हलावा, सैल व्हावा. माणसाला कळतं, माणूस उतरून बाजूला होतो."

मी त्यांना तिन्ही भाकऱ्यांचा चुरा चटणीबरोबर खायला लावला.

फायबर म्हणजे काय हे मला त्यांच्यामुळंच कळलं. काचेचे नाहीतर कार्बनचे केसासारखे धागे, ते कापडासारखे विणायचे, चिकट राळेत भिजवून वाळवायचे. त्यांचे वडील मागावर टॉवेल विणायचे, त्यामुळं सरांचं सगळं बोलणं धाग्याचं. "लोखंडाला भोक पाडलं तर लोखंड जातं, वहिनी. ह्याला भोक पाडलं की धागे तुटतात. जेवढे तुटले त्यांचं वजन शेजारच्यांवर पडतं. आणि शेजारी कसे असतात तुमाला म्हाईतच हाय." हे बोलताना त्यांनी समोरच्या ब्लॉककडं बघितलं.

पुढं पुढं तर सर माणसंही याच मापानं मोजायला लागले. सोसायटीचे चेअरमन काडादी म्हणजे कडेनं निसटणारे. थोडा ताण आला की राजीनामा. आमचे हे म्हणजे मधून जाणारे. कधी काही बोलणार नाहीत, आणि एक दिवस बँकेतनं येऊन ताटावर बसता बसता "मी नोकरी सोडली" म्हणून सांगतील. सांगितलंच की तसं, पाच माणसांत. आणि मी? मला त्यांनी सगळ्यांत वरचा नंबर दिला. "वहिनी, तुमी दबणाऱ्या. सकाळपास्नं कुरकुरता, म्हणून टिकलाव." ही स्तुती आहे असं आमच्या ह्यांनी मला समजावून सांगितलं. यव्वा, मी दोन दिवस ह्यांच्याशीही बोलले नाही.

त्यांचं "कड सोडा" हे वाक्य आमच्या जिन्यात देवाच्या नावासारखं चालतं. पार्किंगमधे कुणी गाडी भिंतीला चिकटवली, "कड सोडा." गॅलरीच्या कठड्यावर कुंडी ठेवली, "कड सोडा." माझी पोरगी नवऱ्याशी भांडून माहेरी आली तेव्हा सर तिला म्हणाले, "बाळ, आवळायचं, पण चुरडायचं न्हाई. आणि दोघांत वॉशर ठेव." तिच्या लग्नातला आहेर आठवला असणार त्यांना. सगळ्यांनी कुकर, मिक्सर दिले, गुर्रम सरांनी पितळी डबीत मोठे चकचकीत वॉशर दिले होते. बोल्टचा दाब एका जागी न पडता पसरतो, म्हणून. आमच्या जावयानं ते पंख्याला लावले. पंखा अजून आवाज करत नाही.

तर असा हा माणूस. आता तुम्ही म्हणाल, बायको कशी सांभाळत असेल? तीच तर गंमत आहे. अनसूयाअक्का सरांच्या वरचढ. तेलुगू शाळेत शिकवायच्या. बोलायला लागल्या की तेलुगू, मराठी, कन्नड, तिन्ही भाषांना घाम फुटतो. भाजीवाला त्यांची हाक ऐकून आपणच ताजी जुडी वर काढतो. पण एका गोष्टीवर अक्कांचं तोंड कायम बंद. पाय.

लहानपणी पोलिओ झाला, डावा पाय बारीक राहिला. मांडीपासून पावलापर्यंत लोखंडी पट्ट्यांचा जड कॅलिपर घालून त्या शाळेला जायच्या. दुखला, टोचला, कातडी सोलली, तरी एक अक्षर नाही. लग्न झाल्यावर सरांनी पहिलं काम काय केलं असेल, तर बायकोच्या पायाचं माप घेतलं. पायाचा साचा दवाखान्यातल्या माणसांनी केला, त्यावर फायबरची हलकी खोळ सरांनी केली, एक मांडीला, एक पोटरीला, आणि मधे गुडघ्याची लोखंडी बिजागरी. खोळ आणि बिजागरी यांना धरून ठेवणारे जे बोल्ट, ते सरांचं सगळं आयुष्य. पीएचडी नंतरची. आधी हे बोल्ट.

त्या हलक्या पायावर अक्का वर्षानुवर्षं फिरल्या. बाजार, शाळा, गड्ड्याची जत्रा. आणि बतुकम्मा. आमच्याकडं पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातल्या, बायका नवरात्राच्या सुमारास फुलांची गोल उतरंड रचतात, ती मधे ठेवून टाळ्या वाजवत, गाणी म्हणत भोवती फेर धरतात. आता आमच्या सोसायटीतल्या बिराजदार, शेख, कांबळे सगळ्याच त्यात नाचतात. पण गाणी येतात एकट्या अक्कांना. एक ओळ त्या म्हणायच्या, मागून आम्ही ओरडायचो. अर्थ आम्हाला कळायचा नाही, पण जोर भरपूर.

मग सरांच्या पुतणीचं लग्न आलं. स्टेजवर अक्षता टाकायला चढताना अक्कांच्या मांडीचा जोड कडेनं निसटला आणि अख्ख्या कार्यालयादेखत अक्का पायरीवर बसल्या. मनगट मोडलं. त्या स्वतःच हसल्या, "नवरीपेक्षा मलाच जास्त लोक बघालेत," म्हणाल्या. मनगट भरून आलं. पण त्या दिवसापासून फायबरचा पाय कपाटात गेला. माळ्यावरचा जुना लोखंडी कॅलिपर खाली आला, आणि अक्का घराबाहेर पडायच्या थांबल्या. जड पडतो म्हणाल्या. त्या वर्षी बतुकम्माला आम्ही मोबाइलवर गाणी लावली. मधेच कंबरदुखीच्या मलमाची जाहिरात लागली आणि निम्म्या बायका त्या जाहिरातीवर फेर धरून मोकळ्या झाल्या.

सरांचं खुर्च्यांखाली वाकणं आधीपासून होतंच. पुतणीच्या लग्नानंतर ते वाढलं. लोक हसायचे, मीही हसायचे. कारण मला तरी कुठं काय माहीत होतं!

यंदा उन्हाळा संपता संपता वरून आवाज सुरू झाला. खटक, खटक, खटक. सकाळी सुरू झाला की दुपारपर्यंत. माझ्या पाटावरच्या भाकऱ्या थरथरायला लागल्या. कामाच्या बायका नकळत त्या तालावर थापायला लागल्या, आणि ताल वाढला की त्यांचा हात वाढायचा. एक दिवस तर मला पाकिटं कमी पडली. आमचे हे म्हणाले, "चांगलं हाय की." मी म्हटलं, तुमचं काय जातंय, तुम्ही दिवसभर झोपता. कमिटीकडं माझ्यासकट सगळ्यांनी तक्रार केली. काडादी म्हणाले, बघतो, आणि तब्येतीचं कारण सांगून गावाला गेले. शेवटी मीच पदर खोचला आणि पीठ भरल्या हातानं वर गेले.

दार अक्कांनी उघडलं. टीव्ही मोठ्यानं लावला होता. "मागं हायत," एवढंच म्हणाल्या आणि परत खुर्चीत बसल्या. लोखंडी कॅलिपर पायात होता, गुडघ्याची कडी सोडताना खट्ट वाजलं.

मागच्या गॅलरीत बघते तर भंगारातनं आणलेला मागाचा अर्धा सांगाडा, त्याला मोटर, आणि मागाचा तो पुढंमागं मारणारा दांडा फायबरच्या खोळीला बोल्टनं जोडलेला. दांडा ओढतोय, सोडतोय, ओढतोय, सोडतोय. आणि सर कानात डॉक्टरची नळी घालून तिचं दुसरं टोक त्या खोळीवर धरून बसलेत.

"सर! हे काय करालाव?" मी ओरडले.

त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. "ऐकालोय. धागा तुटला की बारीक टिक येतं."

"माझ्या डोक्यात टिक येतंय त्याचं काय? लोकांनी राहायचं का न्हाई खाली?"

सरांनी मोटर बंद केली. एवढी शांतता झाली की टीव्हीतला शब्दन् शब्द ऐकू आला. त्यांनी उठून गॅलरीचं दार ओढून घेतलं. मला वाटलं, आता भाकरी मागणार. पण ते स्टुलावर बसले आणि मान खाली घालून म्हणाले, "वहिनी, अनसूयाला म्हाईत न्हाई. ती कड मी कापली."

मला कळेना. "कसली कड?"

"पुतणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, खोळीची कड साडीत अडकती. नवी इरकल होती, तिला चांगली नेसायची होती. सगळ्या आयुष्यात पायाबद्दल एवढं एकच बोलली, वहिनी. मी कानस घेतली आणि हितं गॅलरीत बसून कड घासली. कळत होतं मला. तिप्पट राहिली न्हाई हे दिसत होतं डोळ्यानं. म्हटलं एका दिवसाचा प्रश्न हाय, चालतंय की." त्यांनी चष्मा काढला. "जगाला सांगत फिरतो, आणि बायकोला पाडलं."

मी पीठ भरले हात घेऊन उभी. "मग सांगायचं की त्यांना," म्हटलं.

"कसं सांगू? ती विचारतच न्हाई. का तुटला, एका शब्दानं विचारलं न्हाई. रागावत न्हाई, रडत न्हाई. सकाळी चहा देती, साखरसुद्धा बरोबर असती. ह्यापेक्षा कप फेकून मारला असता तर बरं झालं असतं." मग परत नळी कानात घातली. "आता हा जोड मी तुटेपर्यंत हाणणार. कसा तुटतो ते बघणार. बरोबर तुटला तरच तसा दुसरा तिच्या पायात घालणार. बतुकम्माला तिनं खाली यायला पायजे. बास."

मी खाली आले. संध्याकाळी कमिटीतले दोघे चौकशीला आले, आवाज नेमका कुठून येतो म्हणून. मी म्हटलं, माझी नवी पिठाची गिरणी आहे, बसवायला घेतलीय, दसऱ्यापर्यंत चालणार, काय करायचं ते करा. आमचे हे माझ्याकडं बघतच राहिले. पण बोलले नाहीत. मधून जाणारा माणूस कधीतरी कामाला येतो.

खटक खटक चालूच राहिलं. आता मला ते थांबलेलंच खुपायचं. जरा खंड पडला की मी पिठाचा गोळा हातात धरून वर छताकडं बघायची. अक्कांना भाकरी द्यायला गेले की त्या टीव्ही बघत असायच्या, पण आवाज थांबला की त्यांचीही नजर गॅलरीच्या दाराकडं जायची. विचारायच्या मात्र काही नाहीत.

आणि मग एका सकाळी वरून सरांची आरोळी आली. मला वाटलं बोट सापडलं यंत्रात. धावत जिन्यात आले तर सर पेढ्यांचा पुडा घेऊन खाली उतरत होते. आधीच आणून ठेवला होता म्हणे. "तुटला!" प्रत्येक दारात एक पेढा आणि "तुटला!" शेखकाकू हादरल्या, "या अल्ला, क्या टूटा सर?" सर म्हणाले, "बोल्टचा जोड!" काकूंनी पेढा परत पुड्यात ठेवला आणि सरांचा खांदा थोपटला. मला मात्र सरांनी मोडलेली खोळ दाखवली. भोक नुसतं लांबट झालं होतं, कडेला पांढुरका चुरा. "रात्रीपास्नं कुरकुरत होता, वहिनी. सकाळी ढिला झाला. कड जागच्या जागी! वजन अजून धरून हाय! असा देखणा तुटलेला जोड मी उभ्या नोकरीत बघितला न्हाई!"

अक्का दारात उभ्या होत्या. "कसले पेढे?" त्यांनी विचारलं.

"जोड तुटला," सर म्हणाले, आणि आवाज एकदम लहान झाला.

अक्कांनी अर्धा पेढा खाल्ला, उरलेला अर्धा सरांच्या हातावर ठेवला आणि आत गेल्या. सर तो अर्धा पेढा हातात धरून तसेच जिन्यात उभे. मला इतका राग आला अक्कांचा म्हणून सांगू! माणसानं काहीतरी बोलावं की नाही?

बतुकम्माच्या दिवशी मी मुद्दाम वर गेले. "अक्का, गाणी मोबाइलवर लावतोय. मलमाची जाहिरात आली तर आली, आता पाठ झालीय सगळ्यांना." अक्का झेंडूचे देठ खुडत बसल्या होत्या. नवा पाय सोफ्यावर पडला होता. त्याच्याकडं न बघता त्या म्हणाल्या, "तुमचा सूर त्या जाहिरातीपेक्षा वाईट हाय, शारदा." मी खाली आले.

ऊन कलायला आम्ही पार्किंगमधल्या गाड्या काढल्या, रांगोळी घातली, मधे फुलांची उतरंड ठेवली. लिफ्टचं दार उघडलं आणि अक्का बाहेर आल्या. हिरवी साडी, केसांत फुलं, आणि डाव्या मांडीपाशी साडी अशी बाहेर आलेली की वाटावं आत पोळपाट ठेवलाय. सरांनी यावेळी तिप्पट नाही, पाचपट कड सोडली होती. मागून सर, हातात बोल्ट आवळायचा पाना. कुणी हसलं नाही. कांबळेवहिनींनी मोबाइल बंद करून कमरेला खोचला.

अक्कांनी टाळी वाजवली आणि पहिली ओळ उचलली. आवाज तसाच होता, खणखणीत. आम्ही मागून ओरडलो. फेर फिरायला लागला, हळू, अक्कांच्या पायाच्या बेतानं. आणि फेराच्या बाहेरून सर फिरायला लागले. बायकांच्या फेरात पुरुष येत नाहीत, म्हणून ते भिंतीच्या कडेनं, अक्कांच्या बरोबरीनं, मान तिरपी करून, एक कान पुढं काढून चालले होते. एका स्कूटरला धडकले, एक कुंडी पाडली. "सर, बसा की एका जागी!" मी ओरडले. कुठलं ऐकताहेत! गाण्यातनं त्यांना फक्त तो जोड ऐकू यायचा होता. तो काही बोलला नाही. गाणी संपेपर्यंत अक्का फिरल्या. माझ्या डोळ्याला पाणी आलं आणि मी ते पदरानं खुशाल पुसलं, लाज कसली त्यात.

फेर थांबल्यावर अक्का खुर्चीत टेकल्या. घामाघूम झाल्या होत्या. सर पुढं येऊन उकिडवे बसले आणि घाबरत घाबरत म्हणाले, "कुठं टोचतंय का?"

अक्कांनी श्वास घेतला. मग एकदम सुटल्या.

"टोचतंय! का टोचणार न्हाई? एवढी कड ठेवतंय का कुणी? मांडीला पाट बांधलाय का पाय केलाय? आणि मागच्या वेळी काय झालं होतं? तेव्हा कुठं गेली होती तुमची तिप्पट? गॅलरीत माझ्या सांडग्यांवर पांढरी भुकटी कुणी पाडली? मला काय वाटलं असेल, आभाळातनं रांगोळी पडली? दुसऱ्या दिवशी सांडगे धुऊन काढले मी, बोलले का काही? म्हटलं आज सांगतील, उद्या सांगतील. सगळ्या सोसायटीला कड सोडा, कड सोडा म्हणून शहाणपण शिकवता, आणि बायको साडी अडकती म्हणाली की लगेच कानस! पीएचडीवाले! नको म्हणायचं होतं मला. जमत न्हाई म्हणायचं होतं. नको म्हणता येत न्हाई तुमाला?"

सर तसेच उकिडवे, चष्मा नाकावर घसरलेला.

"न्हाई," ते म्हणाले. "तुला न्हाई म्हणता येत."

अक्कांचे डोळे भरले होते, पण हार मानतील तर त्या अक्का कसल्या! उरलेलं सगळं त्यांनी तेलुगूत काढलं. आम्हाला एक शब्द कळला नाही. सर प्रत्येक वाक्याला मान हलवत होते, "अवुनु, अवुनु," म्हणजे बरोबर, बरोबर. आणि त्यांचा चेहरा! लग्नात नवरदेवाचा होत नाही एवढा खुलला होता. मधेच माझ्याकडं वळून ते हळूच म्हणाले, "वहिनी, रागावली हो!"

मग अक्का उठल्या. कधी कुणाचा हात न धरणाऱ्या अक्कांनी बोलता बोलताच सरांचा दंड घट्ट धरला, आणि दोघं लिफ्टकडं निघाले. दार मिटलं, लिफ्ट वर जायला लागली, तरी आतनं अक्कांचा आवाज येतच होता, आणि मधूनमधून सरांचं "अवुनु".